मागचे दिवे

माझी बायको मार्वा माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हती. हे माझ्या लक्षात आलं ॲरिझोनात, युमाला आल्यावर, नाताळच्या आसपास. मी काही बोललो की ती माझ्या कानाकडे बघायची, नाहीतर खांद्यावरून पलीकडे, जणू माझ्यामागं कुणीतरी मोठा माणूस येऊन उभा राहिलाय. नेब्रास्कात मी आयुष्यभर शाळेची बस चालवली. वरच्या आरशात पोरांची तोंडं बघण्यात हयात गेली माझी. जो नजर चुकवतो त्याच्या दप्तरात काहीतरी असतं, हे मला कुणी शिकवायला नको.

बस सोडली त्याच वर्षी आम्ही घर विकून मोटरहोम घेतलं. पुढं स्टिअरिंगवर मी, शेजारी मार्वा, पाठीमागं स्वयंपाकघर, पलंग, संडास, सगळं बिऱ्हाड, आणि त्याच्याही मागं दांडीला जोडलेली छोटी गाडी. उन्हाळा उत्तरेला काढायचा, हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरायचं. आमच्यासारखे म्हातारे इथल्या मोटरहोमच्या पार्कात थव्यानं येतात आणि ऊन तापायला लागलं की उडून जातात.

आता वय झालंय माझं, मी कुठं नाही म्हणतोय? उजवा खुबा सकाळी शिव्या देतो. मागच्या वसंतात पेट्रोल पंपावर जरा घेरी आली, खांबाला धरून उभा राहिलो, एवढंच. पण तेव्हापासून आमची रोंडा फोनवर दर वेळी विचारते, "बाबा, अजून तूच चालवतोस का रे?" दुसरं कोण चालवणार? गव्हर्नर येणार आहे का चालवायला?

त्यामुळं मार्वा नजर चुकवायला लागली तेव्हा मला सगळं उमगलं. मला स्टिअरिंगवरून उठवायचा बेत शिजत होता. मायलेकी मिळून शिजवत होत्या. आणि मला उठवलं की माझं पुढं काय होणार, तेही मी बघितलेलं होतं. माझ्या थोरल्या भावानं, व्हर्लनं, असंच पोरीचं ऐकून मोटरहोम विकलं, तिच्या तळघरात राहायला गेला आणि एका हिवाळ्यात टीव्हीसमोर बसल्या बसल्या संपला. मला तसं मरायचं नव्हतं. मी ठरवलं, लक्ष ठेवायचं.

लक्ष ठेवलं तसं एकेक बाहेर यायला लागलं. पहिलं म्हणजे घरातली शिस्त. मिठाची बाटली इथंच, कात्री इथंच, माझी औषधं डावीकडच्या कप्प्यातच. मी एकदा मीठ खिडकीत ठेवलं तर अशी अंगावर आली की विचारू नका.

"लेलंड, वस्तू जागच्या जागी ठेवायला काय तुझे हात मोडतात?"

"अगं, मीठ आहे ते. हातभर लांब ठेवलंय."

"हातभरसुद्धा नको!"

ही बाई पन्नास वर्षं माझ्यासारखीच पसारेवाली होती. हिला एकाएकी टापटीप कुठून सुचली? घर कुणाला दाखवायचं असेल तरच माणूस एवढं आवरून ठेवतं. दुसरं म्हणजे ती गाडीच्या अंगावरून हात फिरवत चालायची. दारातून उतरली की मागच्या टोकापर्यंत पत्र्यावर तळवा ठेवून जायची. मी मनात म्हटलं, ओरखडे बघतेय. कुठं पोचा आलाय, कुठं रंग उडालाय, गिऱ्हाइकानं विचारलं तर सांगायला हवं ना!

आणि तिसरा तो एमेट. आमच्या शेजारच्या जागेत त्याची ट्रेलर उभी असते. मिसुरीचा विधुर, उंच, हाडकुळा, बोलायला गोड. असल्या गोड माणसांचा मला पहिल्यापासून वीट. तो एका आड एका गुरुवारी मार्वाला आपल्या पिकअपमधून गावात न्यायचा. कशाला? तर म्हणे चर्चमध्ये बायका जमून गोधड्या शिवतात, तिथं सोडायला. ठीक आहे म्हटलं. पण तिची गोधडीची पिशवी मी एकदा उघडून बघितली. नाताळात जेवढे चौकोन जोडलेले होते तेवढेच फेब्रुवारीतही. एक टाका पुढं सरकला नव्हता. आणि गुरुवारी ती परत यायची तेव्हा डोळे लाल, काळा चष्मा लावलेला, येऊन सरळ आडवी व्हायची.

"काय गं, रडलीस का?"

"धूळ गेली."

"चर्चमध्ये धूळ?"

"लेलंड, गप बस."

एका दुपारी मी डुलकी काढून बाहेर आलो तर एमेट आमच्या पायऱ्यांसमोर गुडघ्यावर बसलेला. हातात पिवळी चिकटपट्टी. प्रत्येक पायरीच्या कडेला तो ती पट्टी लावत होता.

"हे काय चाललंय?"

"पाय घसरू नये म्हणून," तो माझ्याकडे न बघताच म्हणाला.

"कुणाचा पाय?"

"कुणाचाही. तुझाच समज. तुझा खुबा दुखतो ना."

माझ्या खुब्याची बातमी माझ्या बायकोनं शेजारी पोचवली होती म्हणजे. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. पण मी बोललो नाही, कारण बोललं की सावध होतात. त्याच रात्री मार्वा मागच्या खोलीत फोनवर रोंडाशी कुजबुजत होती. दार लोटलेलं. मी दूध प्यायचं निमित्त करून फ्रीजपाशी उभा राहिलो.

"नाही, इतक्यात नको... त्याला कळलं तर संपलंच... एमेट आहे ना, तो बघतो सगळं. बाबाला एक अक्षर बोलू नकोस, सांगून ठेवते."

हातातला पेला मी खाली ठेवला. जागच्या जागी ठेवला, लक्षात ठेवून. रात्रभर मी पाठीवर पडून छताकडे बघत राहिलो. शेजारी ती शांत झोपली होती. मला वाईट वाटलं ते विकण्याबद्दल एवढं नाही. माझ्याशी बोलली का नाही, याचं वाईट वाटलं. भांडली असती, आदळआपट केली असती, तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता नेहमीसारख्या खुर्च्या मांडल्या गेल्या. आमच्या पार्कात रोज चारला सगळे आपापली खुर्ची आणि आपापला पेला घेऊन रस्त्याच्या कडेला गोल करून बसतात आणि एकमेकांची ऑपरेशनं ऐकतात. मी मुद्दाम एमेटच्या समोर बसलो.

"काय एमेट, केवढ्याला ठरलं?"

"काय केवढ्याला?"

"माझं मोटरहोम. माझ्या बायकोला गुरुवार-गुरुवारी फिरवून सौदा चाललाय ना तुझा? का तू मधला दलाल आहेस?"

गोलात कुणीतरी पेल्यातला बर्फ हलवत होतं. ते थांबलं. एमेटचा चेहरा लाल झाला.

"अरे खुळ्या, तुझा तो डबा फुकट दिलास तरी मला नको. तुला काही कल्पना तरी आहे का, की ही बाई..."

"एमेट!" मार्वा ओरडली. तिचा आवाज एवढा चढलेला मी वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. "एक शब्द नाही. तू मला वचन दिलंयस."

वचन! माझ्यादेखत! भर गोलात! मी उठलो, खुबा ठणकला म्हणून अर्धवट वाकूनच उठलो, आणि म्हणालो, "वचनं तुमची तुम्हाला लखलाभ. आम्ही उद्या सकाळी निघतोय. आणि एमेट, तू यापुढं माझ्या गाडीच्या सावलीतसुद्धा पाय ठेवायचा नाहीस."

मी तसाच तडक कचेरीत गेलो आणि आमची जागा सोडत असल्याचं सांगितलं. व्यवस्थापक ट्रिनानं दोनदा विचारलं, नक्की का, कारण जागेसाठी लोक ताटकळलेत. मी म्हटलं, नक्की. खरं तर आम्ही एप्रिलशिवाय हलत नाही. कुठं जायचं हेसुद्धा मी ठरवलेलं नव्हतं. माझ्या हाती स्टिअरिंग आहे हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सकाळी पाण्याचा पाईप काढला, विजेची तार गुंडाळली, छोटी गाडी दांडीला जोडली. मार्वा रात्रीपासून बोलत नव्हती. दिवे तपासायची वेळ आली तेव्हा ती दाराशी आली.

"एमेटला बोलावते."

"कशाला?"

"दिवे बघायला."

"दिवे तू बघतेस. इतकी वर्षं तूच बघतेस. तो कशाला?"

ती एमेटच्या ट्रेलरकडे वळली, मग फिरली. पत्र्यावर हात ठेवून मागं निघून गेली.

हे दिवे तपासणं म्हणजे असं. मागची गाडी ओढायची तर तिचे दिवे आपल्या दिव्यांबरोबर लागले पाहिजेत, नाहीतर पाठीमागचा येऊन आदळतो. म्हणून निघण्याआधी एकानं मागं उभं राहायचं. मी डावा दिवा लावला की तिनं डावा हात वर करायचा, उजव्याला उजवा, ब्रेक दाबला की दोन्ही. सगळं ठीक असेल तर शेवटी अंगठा. मी ते आरशात बघतो आणि निघतो. पण गेली दोन वर्षं मी बघत होतो, त्या वेळी तिच्याजवळ नेमकं कुणीतरी उभं असायचं. आयडाहोत एक जाडी बाई, ओरेगॉनला एक पाद्री, कधी हा, कधी तो, आणि इथं अर्थात एमेट. हिचं दिव्यांकडे लक्षच नसणार, गप्पा मारता मारता हात वर करत असणार, असा माझा पक्का संशय होता. आज ती एकटी होती. मला वाटलं, हिला पकडायची हीच वेळ. माझं वय झालं म्हणता ना? मग कुणाचं लक्ष ठिकाणावर नाही ते बघूच.

"हं, लाव!" ती मागून ओरडली.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि काहीच लावलं नाही.

आरशात तिचा डावा हात वर गेला.

सापडली! मला हसूच आलं. थोडा वेळ तसाच बसलो. उजवा हात वर गेला. पायसुद्धा मी ब्रेकपासून लांब घेतला होता. दोन्ही हात वर गेले. आता उतरायचं आणि तोंडावर म्हणायचं, मार्वाबाई, कुठला दिवा बघितलात जरा सांगता का?

मग तिनं अंगठा दाखवला, आणि माझं हसू गेलं. तिनं अंगठा माझ्याकडे दाखवलाच नव्हता. ती शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे तोंड करून उभी होती. मान जराशी तिरकी, चेहऱ्यावर ताण, ओठ घट्ट मिटलेले. निष्काळजी माणूस असं उभं राहत नाही. बसमध्ये अभ्यास न करता आलेलं पोर तोंडी परीक्षेच्या दिवशी असं बसायचं. ती जीव तोडून अंदाज करत होती.

पत्र्याला धरत धरत ती पुढं आली, पिवळ्या पट्टीवर पाय टाकून चढली, माझ्या शेजारी बसली. "सगळे लागतात. चल."

"मार्वा, मी काहीच लावलं नव्हतं."

तिनं मांडीवरचा स्कर्ट सारखा केला.

"एकही नाही. ब्रेकसुद्धा नाही."

तिनं तो पुन्हा एकदा सारखा केला. मग म्हणाली, "मधलं गेलंय, लेलंड. कडेकडेचं दिसतं. मधे नुसता डाग आहे, धुरकट. दोन्ही डोळ्यांत."

"कधीपासून?"

"डाव्यात तीन वर्षं. उजव्यात दोन, गेल्या उन्हाळ्यापासून फारच. त्या गुरुवारी आळीपाळीनं एकेका डोळ्यात औषधाची सुई घेते. एमेट नेतो. त्याच्या बायकोचंही हेच झालं होतं, म्हणून मी मान वाकडी करून बघते हे त्याला पहिल्या दिवशी कळलं."

त्याला पहिल्या दिवशी! आणि मी एका पलंगावर झोपून तिची पिशवी उचकत होतो. मला लाज वाटली आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि मी वेड्यासारखा रागच आधी बाहेर काढला.

"दोन वर्षं? दोन वर्षं मी डोंगरघाटातून तुझ्या अंगठ्यावर गाडी ओढली? मागून कुणी येऊन मेलं असतं म्हणजे?"

"कुणीही मेलं नसतं!" तीही उसळली. "प्रत्येक ठिकाणी मी कुणाला तरी धरून आणत होते. कुणाचे पाय धरले, कुणाला केक करून दिला. ते मला हळूच सांगायचे, डावा लागला, उजवा लागला, मग मी हात करत होते. आज पहिल्यांदा मी कुणी न सांगता केला. कारण तू एमेटला हाकललंस आणि मला दुसरं सुचलं नाही. मी घाबरले होते. आता निघालो नाही तर तू उगाच कारण शोधत बसशील आणि तुला कळेल."

"मग कळलं असतं! मला सांगायचं होतंस. मला!"

"सांगितलं असतं तर तू थांबला असतास."

"अर्थात थांबलो असतो!"

"आणि मग व्हर्लसारखा खुर्चीत बसला असतास." तिचा आवाज फुटला. "स्टिअरिंगला हात लागला की तुझा खुबा दुखायचा थांबतो, हे मला दिसतं. ते बघायला डोळे लागत नाहीत. रोंडा म्हणते, बाबाला थांबव. मी म्हटलं, इतक्यात नको, अजून एक वर्ष जाऊ दे त्याचं."

म्हणजे कुजबुज होती ती ही. मी समजत होतो की ही मला उठवायला बघतेय, आणि ही आंधळी होत होत मला बसवून ठेवत होती.

"माझं तोंड दिसतं का तुला?" मी विचारलं.

"सरळ बघितलं तर नाही. कानाकडे बघितलं तर थोडं दिसतं. दाढी केलेली नाहीस."

मी गालावरून हात फिरवला. खरंच केली नव्हती. मग मात्र मला रडू आलं, आणि ते लपवायची गरज नाही हे लक्षात आल्यावर आणखीच आलं. ती म्हणाली, "ऐकू येतंय मला, गाढवा," आणि माझं मनगट धरून बसली.

तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. ट्रिना आपली छोटी बॅटरीची गाडी घेऊन खिडकीखाली आली होती. "लेलंड, नवे लोक फाटकात उभे आहेत. निघताय ना?"

जागा मीच सोडून बसलो होतो. आता इथं राहता येत नव्हतं, आणि रस्त्यावर मी जाणार नव्हतो. मार्वा म्हणाली, "जाऊ या ना. कुणीतरी दिवे बघेल. तुला येतंय तोवर चालव." मी नाही म्हटलं. ती चिडली, हातातलं मनगट झटकलं. "मी एवढं केलं ते असं एका सकाळीत फुकट घालवणार तू?"

"तुला न दिसणाऱ्या ठिकाणी मला एकट्यानं जायचं नाही," मी म्हटलं. "आणि खुबा दुखायचा थांबतो हे खोटं आहे. घाटात तर जीव जातो. मी तुला सांगत नव्हतो."

हेही खरंच होतं. गेल्या उन्हाळ्यात ब्रेकवर पाय ठेवून तो उचलताना मला दर वेळी देव आठवायचा. ती माझ्या कानाकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "कसले दोघं आहोत आपण!"

मी खिडकीतून वाकलो. "ट्रिना, कुंपणाजवळच्या ओळीत जागा आहे का?"

ट्रिनाला समजलं. त्या ओळीत ज्यांच्या गाड्या आता कुठंच जाणार नाहीत ते लोक राहतात. चाकं वाळूत रुतलेली, खाली फळ्या ठोकलेल्या, दारात कुंड्या. त्यांना मी वर्षानुवर्षं हसलो होतो. ट्रिना हळूच म्हणाली, "शेवटची जागा आहे. सावली नाही तिथं."

"चालेल."

मार्वानं पट्टा बांधला. कुंपण तिथून दिसत होतं, एवढ्याशा अंतराला पट्टा कशाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी माझाही बांधला. इंजिन लावलं, ब्रेक सोडला आणि सावकाश बाहेर काढली.

आमच्या पार्कात कुणी निघालं की लोक हातातलं काम टाकून रस्त्याच्या कडेला येतात आणि हात हलवतात. आमच्या वयात ही पद्धत फार पाळली जाते, कारण पुढच्या हिवाळ्यात कोण येईल, कोण नाही, याचा भरवसा नसतो. आम्ही निघालोच आहोत असं सगळ्यांना वाटलं. ब्रश तोंडात धरून कुणी आलं, कुणी कपडे वाळत घालताना आलं. दोन्ही बाजूंनी लोक उभे राहिले. एमेट आपल्या ट्रेलरपाशी टोपी काढून ताठ उभा होता, रागावलेला आणि डोळे भरलेला.

"मी थांबतो," मी म्हटलं. "सांगून टाकतो त्यांना, की आम्ही कुठं जात नाही. एमेटची माफीही मागायची आहे."

"मागशील संध्याकाळी. थांबू नकोस." मार्वानं काच खाली केली आणि हात बाहेर काढला. "कडेला आहेत सगळे. हात दिसतायत मला, लेलंड. सगळ्यांचे हात दिसतायत."

कुंपणाकडे जायचं वळण आलं. मी तिकडं वळवली नाही, सरळ गोल रस्त्यानं पुन्हा एक चक्कर घेतली, पहिल्यापेक्षाही हळू. लोक जरा गोंधळले, पण त्यांनी पुन्हा हात हलवले.